इलेक्ट्रॉनच नाही, तर उडी मारतो कोण?

तोंडी परीक्षेला बी.एस्सी.च्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारते: पोटॅशियम परमँगनेट जांभळं का असतं? उत्तर लगेच येतं. ‘डी-डी ट्रान्झिशन, मॅडम.’ मँगनीज हा संक्रमण धातू, संक्रमण धातूंची संयुगं रंगीत असतात, कारण डी ऑर्बिटलमधला इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर उडी मारतो. बारावीपासून घोटलेलं वाक्य. मग मी विचारते, परमँगनेटमध्ये मँगनीजची ऑक्सिडेशन अवस्था किती? ‘प्लस सात.’ म्हणजे बाहेरचे सातही इलेक्ट्रॉन हिशोबातून गेले, तर डी ऑर्बिटलमध्ये राहिले किती? ‘शून्य.’ इथे बहुतेक मुलं खाली बघतात. द्राक्षबागायतदाराच्या घरातला एक मुलगा मात्र खाली बघेना. उलट मलाच म्हणाला, ‘मॅडम, मग इलेक्ट्रॉनच नाही, तर उडी मारतो कोण?’ त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या उत्तरांपेक्षा हा प्रश्न सरस होता, आणि गुण देताना मी तो तसाच धरला.

क्लासला जाऊन आलेली मुलं या सापळ्यात अडकत नाहीत. ती म्हणतात, ‘चार्ज ट्रान्सफर. तो अपवाद आहे.’ लातूर असो की कोटा, चार पर्यायांतला बरोबर पर्याय त्यांना पाठ असतो. मला या ‘अपवाद’चा जास्त राग येतो. परमँगनेटने कुठला नियम मोडलेला नाही. आपण मुलांना दिलेली चौकटच त्याला अपुरी पडते. आणि ती अपुरी का पडते, ही या विषयातली सगळ्यात गमतीची गोष्ट आपण वर्गात सांगतच नाही.

संक्रमण धातूंच्या संयुगांतले बंध आपण कसे शिकवतो? आधी व्हॅलन्स बॉण्ड, मग क्रिस्टल फील्ड, शेवटी रेणवीय ऑर्बिटल, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एमओ’. एका राजघराण्याची वंशावळ सांगावी तसे सिद्धांत एकामागून एक येतात आणि जातात. कुठल्या मोजमापापाशी कोणता सिद्धांत अडला, कोणता आकडा त्याला पचला नाही, याचा पत्ता नसतो. त्यामुळे एमओ मुलांपर्यंत पोचतो तो एक आकृती म्हणून. सहा गुणांची आकृती. डावीकडे धातूची नऊ ऑर्बिटलं, उजवीकडे लिगंडांची सहा, मध्ये पंधरा रेघा आणि त्यांना जोडणाऱ्या तुटक रेषा. ठिपक्यांच्या रांगोळीइतकी सुबक काढतात मुलं ती, आणि कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला का जोडला हे विचारलं तर रांगोळी काढणाऱ्या बाईइतकंच सहज सांगतात: असंच काढतात.

विज्ञान शाखेशी संबंध नसलेल्या वाचकासाठी थोडं सांगते. लोखंड, तांबं, निकेल, कोबाल्ट, मँगनीज असे धातू आयनाच्या रूपात एकटे राहत नाहीत. पाणी, अमोनिया, क्लोराइड, सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड असे रेणू किंवा आयन त्यांच्याभोवती ठरावीक दिशांनी येऊन बसतात, बहुतेक वेळा सहाच्या संख्येने. या शेजाऱ्यांना लिगंड म्हणतात. धातूचा रंग, चुंबकीय गुण, विषारीपणा, औषधीपणा यांतलं बरंचसं हे लिगंड कोण आहेत यावर ठरतं. इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची शक्यता असते त्या जागेचा एक आकार असतो, त्याला ऑर्बिटल म्हणायचं. या धातूंकडे पाच डी ऑर्बिटलं असतात. त्यांतल्या दोनांचे फुगे थेट लिगंडांच्या दिशेला तोंड करून असतात, तीन लिगंडांच्या मधल्या फटींत डोकावतात. पहिल्या जोडीला मुलं ‘ई-जी’ म्हणतात, दुसऱ्या तिघांना ‘टी-टू-जी’. एवढी दोन नावं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांवर चालतं.

आता या विषयाचा पाया ज्याने घातला त्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आल्फ्रेड वर्नर यांनी आपला सिद्धांत मांडला 1893 साली. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. त्यांच्यासमोर कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची संयुगं होती: एक पिवळसर केशरी, एक जांभळट, आणि एकाच सूत्राची दोन, एक हिरवं तर एक वांगी रंगाचं. त्यांच्या द्रावणांत सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका पडतो. पहिल्यात तिन्ही क्लोरीन खाली येतात, दुसऱ्यात दोन, शेवटच्या दोन्हींत एकच. म्हणजे उरलेले क्लोरीन कोबाल्टला घट्ट धरून बसलेत. यावरून आणि द्रावणांतून वीज किती वाहते यावरून वर्नर यांनी सांगितलं की कोबाल्टभोवती सहा जागा आहेत आणि त्या अष्टफलकाच्या सहा टोकांवर आहेत. डेन्मार्कचे यॉर्गेन्सन हे तेव्हाचे या क्षेत्रातले बडे प्रयोगकर्ते; ते वर्षानुवर्षं विरोध करत राहिले आणि त्यांच्याच नेटक्या प्रयोगांचा वर्नर यांना उपयोग होत राहिला. शेवटी 1911 साली झुरिचच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर किंग या त्यांच्या विद्यार्थ्याने एका कोबाल्ट संयुगाची उजवी आणि डावी रूपं वेगळी करून दाखवली, तेव्हा अष्टफलकाबद्दल शंका घ्यायला जागा उरली नाही. 1913 साली नोबेल मिळालं. एक ऑर्बिटल न काढता! माझ्या मते बारावीचा धडा इथून सुरू व्हावा आणि सिल्व्हर नायट्रेटचा साका मुलांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे सरकू नये.

त्याऐवजी बारावीत वेळ जातो व्हॅलन्स बॉण्डमध्ये, म्हणजे पॉलिंग यांच्या संकरणात. लायनस पॉलिंग हे फार मोठे रसायनशास्त्रज्ञ, 1931 साली त्यांनी बंधांविषयी जे मांडलं त्याने एक पिढी घडली. पण ‘इनर ऑर्बिटल’ आणि ‘आउटर ऑर्बिटल’ हे चौकोनांत बाण भरण्याचं काम मुलं यांत्रिकपणे करतात आणि त्यातून रंगाबद्दल एक अक्षर कळत नाही. तांब्यापाशी तर ते पार अडखळतं. तांबं आणि चार अमोनिया यांचं संयुग सपाट चौकोनी आहे. ते संकरणाने समजावायचं तर तांब्याचा नववा डी इलेक्ट्रॉन उचलून वरच्या पी ऑर्बिटलमध्ये ठेवावा लागतो. इतक्या वर ठेवलेला इलेक्ट्रॉन सहज निसटायला हवा, तांबं भराभर प्लस तीन व्हायला हवं. तसं काही होत नाही. गाइडमध्ये बाण मात्र वर गेलेला असतो. हा भाग अभ्यासक्रमातून निम्म्याने कमी केला तर कुणाचंही नुकसान होणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रिस्टल फील्डची गोष्ट वेगळी. तो सिद्धांत मला आवडतो, कारण तो थोडक्यात बरंच सांगतो. हान्स बेथे यांनी 1929 साली एक साधा प्रश्न घेतला: स्फटिकातला आयन शेजारच्या विद्युतभारांनी वेढलेला असेल तर त्याच्या पातळ्यांचं काय होईल? अष्टफलकात उत्तर असं की लिगंडांच्या तोंडासमोर असलेल्या ई-जी जोडीला जास्त त्रास होतो, ती वर जाते. फटींतल्या टी-टू-जी तिघी खाली राहतात. या दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे संयुगाचा रंग. आमच्या भागात पावसाळ्यात द्राक्षांवर डावणी येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात, त्यामुळे मोरचूद घराघरात असतं. ते बशीत तापवा. पाणी उडतं आणि निळे खडे पांढरे पडतात. तांब्याचे नऊ डी इलेक्ट्रॉन होते तेवढेच आहेत. पण पाणी जाऊन सल्फेटचे ऑक्सिजन जवळ आले, ते पातळ्या कमी फाकवतात, शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकतं. थेंबभर पाणी टाका, निळं परत. अमोनिया टाका, गर्द निळं: शोषण 800 नॅनोमीटरच्या आसपास होतं ते 600 च्या आसपास येतं. एवढ्या प्रयोगाला खर्च काय येतो?

रसायनशास्त्रज्ञांनी मात्र बेथे यांच्याकडे दोन दशकं जवळजवळ पाठच फिरवली होती. टायटॅनियमच्या जांभळ्या द्रावणाचं शोषण या पद्धतीने इल्झे आणि हार्टमान यांनी समजावलं ते 1951 साली. मधल्या काळात ही विद्या भौतिकशास्त्रज्ञांनी, विशेषतः चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्यांनी सांभाळली, आणि त्यांत आपली माणसं होती. रामन परिणामाच्या शोधात रामन यांचे सहकारी असलेले के. एस. कृष्णन यांनी ढाक्क्यात आणि पुढे कोलकात्यात लोहगटातल्या क्षारांचे स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी किती चुंबकीय असतात हे मोजलं. आयनाभोवतीचं क्षेत्र किती आणि कसं वेडंवाकडं आहे हे अशाच मोजमापांतून कळतं. शांतिस्वरूप भटनागर यांनी के. एन. माथुर यांच्यासह चुंबकीय तराजू तयार केला आणि 1935 साली दोघांचं चुंबकीय रसायनशास्त्रावरचं पुस्तक लंडनहून निघालं. प्रियदारंजन राय आणि एन. के. दत्त यांनी 1943 साली सांगितलं की अष्टफलकी संयुग एकही बंध न तोडता पिळवटून उजव्याचं डावं होऊ शकतं. ‘राय-दत्त ट्विस्ट’ आमची एम.एस्सी.ची मुलं ह्यूहीच्या जाड इंग्रजी पुस्तकातून वाचतात, आकृतीही काढतात. हे कोलकात्यात झालं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. भटनागर हे त्यांना पुरस्काराचं नाव म्हणून माहीत.

आता अडचणीची जागा. जपानच्या र्‍युतारो त्सुचिदा यांनी 1938 साली लिगंडांची एक क्रमवारी लावली: कोण पातळ्या किती फाकवतो. सगळ्यात तळाला आयोडाइड, मग ब्रोमाइड, क्लोराइड, फ्लुओराइड, हायड्रॉक्साइड, वर पाणी, त्यावर अमोनिया, आणि पुढच्या कामांनी वाढलेल्या या यादीत शेंड्याला सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. ही यादी प्रत्येक मुलाला पाठ असते. पण बेथे यांच्या चित्रात पातळ्या फाकतात त्या लिगंडावरच्या ऋण भारामुळे. मग ज्यांच्यावर पुरता ऋण भार आहे ते हॅलाइड तळाला कसे? हायड्रॉक्साइडवर भार आहे, पाण्यावर नाही, तरी पाणी वर. आणि कार्बन मोनॉक्साइड! ना भार, ना नाव घेण्याजोगं ध्रुवत्व, आणि तो थेट शेंड्यावर. ज्या यादीला आपण क्रिस्टल फील्डच्या धड्यात शोभेला ठेवतो तीच यादी त्या धड्याला खोटं पाडते. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचे मोबाईल खाली जातात. हा वाद त्यांना कळतो. त्याला गणित लागत नाही.

एमओची गरज इथे पडते. धातू आणि लिगंड यांना दोन वेगळी घरं न धरता सगळ्यांची ऑर्बिटलं एकत्र मिसळायची. मिसळण्याची अट एकच, दोघांचे आकार एकमेकांना जुळायला हवेत. लिगंड आपली इलेक्ट्रॉनांची जोडी धातूच्या दिशेने पुढे करतो. ती जोडी समोर तोंड असलेल्या ई-जीशी मिसळते आणि त्यातून एक पातळी खाली जाते, बंध घडवणारी. एक वर जाते, बंध मोडणारी. आपण ज्याला ‘वरची ई-जी’ म्हणत होतो ती हीच वरची, निम्मी-शिम्मी लिगंडाची झालेली. म्हणजे रेटारेटीने वर गेलेली ऑर्बिटलं आणि बंधातून वर गेलेली ऑर्बिटलं, चित्र वरवर तेच, कारण वेगळं. टी-टू-जीला सरळ समोरून कोणी भेटत नाही. पण बाजूने भेटणारे असतात, आणि सगळी मेख त्यात आहे. क्लोराइड, आयोडाइड यांच्याकडे बाजूला भरलेली पी ऑर्बिटलं असतात. ती टी-टू-जीशी मिसळून तिला वर ढकलतात, अंतर कमी होतं. कार्बन मोनॉक्साइडकडे उलट रिकामी ऑर्बिटलं असतात. धातूचे टी-टू-जी इलेक्ट्रॉन त्यांत सरकतात, टी-टू-जी खाली जाते, अंतर वाढतं. यादीचा तळ आणि शेंडा एका फटक्यात सुटतात.

हे नुसतं बोलणं नाही, हे मोजता येतं. कार्बन मोनॉक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजन बंध अवरक्त वर्णपटात 2143 ला दिसतो. एकक आहे दर सेंटिमीटरला लहरी. आकडा जितका मोठा तितका बंध ताठ. धातूने दिलेले इलेक्ट्रॉन ज्या रिकाम्या ऑर्बिटलमध्ये जातात ते त्या रेणूचं बंध मोडणारं ऑर्बिटल आहे. म्हणजे धातू जितका उदार, तितका कार्बन-ऑक्सिजन बंध सैल व्हायला हवा. आता चार भावंडं घ्या, चौघांभोवती सहा-सहा कार्बन मोनॉक्साइड आणि चौघांकडे इलेक्ट्रॉन सारखेच. मँगनीजवाल्यावर एक धन भार: सुमारे 2090. क्रोमियमवाला भाररहित: सुमारे 2000. व्हॅनेडियमवाल्यावर एक ऋण भार: सुमारे 1860. टायटॅनियमवाल्यावर दोन: सुमारे 1750. धातूकडे जितके इलेक्ट्रॉन ऊतू जातायत तितका आकडा खाली. मला विचाराल तर अकार्बनी रसायनशास्त्रातले इतके बोलके चार आकडे दुसरे नाहीत. ते आमच्या बहुतेक प्रश्नपत्रिकांत कधी येत नाहीत.

कार्बन मोनॉक्साइडवर थोडं जास्त बोलते, कारण तो आपल्या न्हाणीघरापर्यंत येतो. लुडविग मॉन्ड यांनी 1890 साली पाहिलं की हा वायू कोमट निकेलवरून गेला तर निकेलच वायुरूप होऊन सोबत निघतं; पुढे निकेल शुद्ध करण्याची पद्धतच त्यावर उभी राहिली. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोखंड आहे, आणि त्याच्यावर हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बसतो. जोडी पुढे करणारा आणि मागून इलेक्ट्रॉन स्वीकारणारा हा दुहेरी बंध त्यामागे आहे. पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 साली दाखवलं की ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं. ऑक्सिजन किंवा कार्बन मोनॉक्साइड बसल्यावर ते ओढलं जात नाही. लोखंडाचे सुटे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, पातळ्यांमधलं अंतर वाढल्याची ती खूण. बंद खिडकीच्या मोरीत गॅस गीझर लावू नका, असं मी मुलांना याच तासाला सांगते. काहींच्या घरी त्यानंतर झरोका पाडला गेला आहे.

मग जुने सिद्धांत खोटे का? तसंही नाही. जॉन व्हॅन व्लेक यांनी 1935 सालीच दाखवून दिलं होतं की चुंबकत्वाच्या प्रश्नावर पॉलिंग यांची पद्धत, क्रिस्टल फील्ड आणि मलिकन यांची रेणवीय ऑर्बिटलं या तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. भांडण चुंबकापाशी मिटतं आणि रंगापाशी, कार्बन मोनॉक्साइडपाशी पुन्हा उकरलं जातं. कुठे कोणतं साधं चित्र पुरतं आणि कुठे पुरत नाही, हे ओळखणं म्हणजे विषय येणं.

आता त्या मुलाचा प्रश्न. परमँगनेटमध्ये मँगनीजकडे इलेक्ट्रॉन नाही, पण भोवतीच्या चार ऑक्सिजनांकडे भरपूर आहेत. उडी तेच मारतात: ऑक्सिजनकडच्या ऑर्बिटलमधून मँगनीजच्या रिकाम्या डी ऑर्बिटलमध्ये. या संयुगाची ऑर्बिटलं हिशोबाने मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न वोल्फ्सबर्ग आणि हेल्महोल्त्स यांनी 1952 साली केला. त्यात वरच्या दोन रिकाम्या पातळ्यांचा क्रम उलटा आला होता. तो 1958 साली बालहाउसेन आणि लीर यांनी सुलटा केला. तज्ज्ञांनाही ही रांगोळी एका झटक्यात जमली नव्हती, हे मुलांना सांगितलं की त्यांची भीती अर्धी होते. आणि परमँगनेटचे शेजारी बघा. व्हॅनेडेट रंगहीन, क्रोमेट पिवळं, परमँगनेट जांभळं. तिघांतही डी इलेक्ट्रॉन शून्य. पण धातूचा धन भार पाच, सहा, सात असा वाढतो तशी त्याची रिकामी ऑर्बिटलं खाली येतात, ऑक्सिजनवरून मारायची उडी सोपी होते आणि शोषण अतिनीलातून दृश्य प्रकाशात उतरतं. यात अपवाद कुठे आहे?

याच परमँगनेटने पहिल्या वर्षाची मुलं ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन करतात. ब्यूरेटमध्ये इतकं गर्द की रीडिंग वरच्या कडेवर घ्यावं लागतं. गरम फ्लास्कमध्ये पहिले थेंब रेंगाळतात, मग तयार झालेलं मँगनीज स्वतःच अभिक्रियेला वेग देतं आणि पुढचे थेंब पडताच विरतात. शेवटचा थेंब फिकट गुलाबी राहतो. धातू तोच, ब्यूरेटमध्ये प्लस सात आणि फ्लास्कमध्ये प्लस दोन. प्लस दोनकडे पाच डी इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे डी-डी उडीला उमेदवार पाच, तरी द्रावण पाण्यासारखं! कारण पाचही इलेक्ट्रॉन एकेका ऑर्बिटलमध्ये एकाच दिशेचं स्पिन घेऊन बसलेत. उडी मारायची तर स्पिन उलटवावं लागतं आणि ते जवळजवळ निषिद्ध आहे. दोघांच्या शोषणक्षमतेत फरक आहे तो लाखपटीच्या घरातला. शून्य डी इलेक्ट्रॉनवालं गर्द आणि पाचवालं रंगहीन, हे मुलं दर आठवड्याला हातात धरतात आणि जर्नलमध्ये फक्त नॉर्मॅलिटी लिहून घरी जातात.

माझे सहकारी म्हणतात, एमओला ग्रुप थिअरी लागते, आपल्या मुलांचं गणित कच्चं. एम.एस्सी.ला नीट करायचं तर लागते, खरंच. ग्रुप थिअरीवरचं कॉटनचं पुस्तक सोडवायलाच हवं. पण कोणाचा आकार कोणाच्या समोर येतो हे थर्माकोलचे गोळे आणि फुगे घेऊन बारावीतल्या मुलाला दाखवता येतं. दुसरी तक्रार उपकरणांची. निकेल सल्फेटच्या हिरव्या द्रावणात अमोनिया टाकला की निळं होतं, एथिलीनडायअमीन टाकलं की जांभळं. पातळ्यांमधलं अंतर, दर सेंटिमीटरला लहरी याच एककात, 8500 वरून 10,800 आणि तिथून 11,500 वर जातं. वर्णपट घ्यायला महाग यंत्र लागतं, पण क्रम कळायला साधा कलरीमीटर पुरतो आणि तो प्रत्येक महाविद्यालयात आहे. कुलपात आहे. तपासणी समिती येते तेव्हा बाहेर निघतो. तिसरी सूचना हल्ली तरुण प्राध्यापक करतात: ऑर्का हे सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळतं, लॅपटॉपवर कार्बन मोनॉक्साइडची ऑर्बिटलं काढून दाखवू. जरूर दाखवा, मीही दाखवते. फक्त पडद्यावरचे लाल-निळे फुगे बघून ‘कळलं’ म्हणणाऱ्या मुलाला पुढचा प्रश्न विचारा: 2143 चं 1750 का झालं?

खरं दुखणं परीक्षेत आहे. आमची मुलं आळशी नाहीत. ऊस, द्राक्षं, दूध यांची कामं उरकून एसटीने येणारी मुलं आहेत ती. जे विचारलं जाईल ते शिकतात. आपण ‘आकृती काढा’ म्हणतो, ती आकृती काढतात. नेट-सेटच्या तयारीला बसल्यावर पहिल्यांदा त्यांना आकड्यांवरून विचार करायला लावणारे प्रश्न भेटतात, आणि तेव्हा ती बिचकतात. मुंबई-पुण्यातल्या मुलांना निदान विचारायला कोणी असतं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळ्याच विद्यापीठांत अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत. अभ्यासमंडळांवरच्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रात्यक्षिकांचे तास कापून श्रेयांकांची बेरीज जुळवू नका, आणि पॉलिंग यांच्या चौकोनांतून वाचलेला वेळ कोबाल्टच्या साक्याला आणि निकेलच्या तीन रंगांना द्या. पेपर काढणाऱ्यांना मागणं त्याहून लहान आहे. सहा गुणांची ती आकृती ठेवायची तर खुशाल ठेवा. तिच्याखाली एक ओळ वाढवा: ‘या आकृतीच्या आधारे क्लोराइड तळाला आणि कार्बन मोनॉक्साइड शेंड्याला का, ते सांगा.’ आणि सहापैकी चार गुण या ओळीला द्या.